साम्य आणि कूळ : एक तबकडी आणि वऱ्हाडातील ‘डीजे’

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ह्या मुद्रेखाली एक तबकडी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ असे होते आणि तिचे कर्ते चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत वाजविणारे एक व्यावसायिक वादक होते. तबकडी फारशी खपली नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०१० साली, ‘बॉम्बे कनेक्शन’ नावाच्या एका डच संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून एकाएकी असा बोभाटा झाला, की विद्युत्-नृत्यसंगीताचा ‘अ‍ॅसिड हाउस’ नामक जो प्रकार शिकागो येथे १९८७ च्या सुमारास जन्मास आला असे मानतात, तो त्यापूर्वी पाच वर्षे मुंबईत जन्मला होता. आपल्याकडे ही वार्ता साहजिकच अभिमानाने स्वीकारली गेली. अलीकडे तर तिच्याही पुढे जाऊन, अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर जे ‘डीजे’ वाजतात त्यांचे मूळ ह्याच तबकडीत आहे, असे म्हणण्याची प्रवृत्ती दिसू लागली आहे.

प्रस्तुत टिपणात ह्या दोन्ही विधानांची तपासणी करावयाची आहे. लेखकाचे क्षेत्र संगीतशास्त्र नव्हे, भाषाशास्त्र होय. परंतु येथे उपस्थित होणारा प्रश्न भाषेतिहासाच्या अभ्यासकाला चांगलाच परिचित आहे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे त्या एका कुळातील ठरतात काय, हा तो प्रश्न. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट आणि फारसीत ‘बद’ म्हणजेही वाईट. आपण ‘बदनाम’, ‘बदफैली’ ह्या शब्दांतून तो फारसी शब्द रोज वापरतो. उच्चार जवळचे, अर्थ एकच, दोन्ही भाषाही एकाच आर्य-युरोपीय कुळातील. तरीही ह्या दोन शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही. उलट मराठीतील ‘चाक’ आणि इंग्रजीतील ‘व्हील’ हे शब्द एकमेकांच्या शेजारी ठेवले तर त्यांत एकही वर्ण समान आढळत नाही, पण ‘चाक’ हे ‘चक्र’ शब्दापासून आले आणि ‘चक्र’ व ‘व्हील’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत, हे ध्वनिनियमांनी निर्विवाद सिद्ध झालेले आहे. साम्य डोळ्यांना दिसते. कूळ मात्र एकेक दुवा जोडून सिद्ध करावे लागते. वरील तबकडीचा विचार ह्याच कसोटीवर करू.

चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात बास गिटार आणि नाना प्रकारची विद्युत्-वाद्ये वाजवीत. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटानंतर हिंदी चित्रपटांत डिस्कोचा ठेका शिरला होता, १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने त्यावर कळस चढविला. ह्याच सुमारास त्यांनी सिंगापूरहून रोलंड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रे आणली : ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘टीबी-३०३’ हे खर्जाचे स्वर काढणारे छोटे यंत्र. ही तिन्ही जोडून त्यांनी ललत, तोडी, यमन, मालकंस, कलावती, बैरागी इत्यादी दहा राग एकट्याने वाजविले. खाली अखंड चाललेला डिस्कोचा ठेका, त्यावर फिरफिरून येणारी खर्जाची स्वरावली आणि तिच्याही वर रागाचा विस्तार, अशी रचना दहाही ठिकाणी आहे.

ह्या तीन यंत्रांपैकी ‘टीबी-३०३’ आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. रोलंडने ते १९८१ साली बाजारात आणले, ते एकट्या गिटारवादकाला सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून. साथीदार म्हणून ते साफ अयशस्वी ठरले, कारण त्याचा आवाज बास गिटारसारखा मुळीच वाटत नसे. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. परंतु त्यात दोन गुण होते. सोळा पायऱ्यांचा एक आवर्त त्यात भरून ठेवता येई आणि तो कितीही वेळ फिरत राही. शिवाय एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जाण्याची सोय प्रत्येक पायरीवर स्वतंत्रपणे करता येई. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर यंत्रात मींड होती. रागसंगीत वाजवू पाहणाऱ्या वादकाला हे घसरणे उपयोगी वाटले ह्यात आश्चर्य नाही. (सोळा पायऱ्या आणि त्रितालाच्या सोळा मात्रा ह्यांचा संबंध जोडण्याचा मोह कोणी आवरावा; यंत्राच्या चार पायऱ्या मिळून एक ठोका होतो. ‘बद’ आणि ‘बॅड’ ह्यांचेच हे आणखी एक उदाहरण.)

आता शिकागो. तेथील ‘फ्यूचर’ नावाच्या तरुणांच्या संचाने हेच टाकाऊ ठरलेले यंत्र वापरात घेतले आणि त्याच्या गुंड्या वाजविता वाजविता फिरवून जो पिळवटलेला आवाज काढला, त्यातून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली. मुंबईच्या तबकडीतील खर्ज आणि शिकागोच्या तबकडीतील खर्ज ह्यांत विलक्षण साम्य आहे, हे कानाला पहिल्या काही क्षणांतच जाणवते. पण त्या साम्याचे कारण उघड आहे : यंत्र एकच. शिकागोच्या मंडळींनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे दाखविणारा एकही दुवा नाही आणि चरणजित सिंग ह्यांनाही आपण डिस्को वाजवीत आहो एवढेच ठाऊक होते. तबकडीचे नावच ते सांगते. एकाच प्रकारच्या जात्यावर दोन गावी दळले तर पीठ सारखे निघते. त्यावरून दोन्ही घरे भाऊबंदांची ठरत नाहीत. तबकडीचे मोल ह्यामुळे काडीमात्र कमी होत नाही. ती एका कसबी वादकाची स्वतंत्र करामत आहे आणि तिच्या कर्त्याला हयातीतच, उतारवयात का होईना, युरोपातील श्रोत्यांसमोर ती वाजविण्याची संधी मिळाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु तिला संतती नाही. इतिहासकाराने ‘पहिली’ आणि ‘पूर्वज’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

वऱ्हाडातील डीजेशी तर ह्या तबकडीचे वरवरचे साम्यही नाही. तबकडीत दुसऱ्या कोणाच्या ध्वनिमुद्रणाचा एक तुकडाही नाही. ‘टीआर-८०८’ मधील ढोल-झांजांचे आवाजदेखील खऱ्या वाद्यांवरून मुद्रित केलेले नसून विद्युत्-मंडलाने निर्माण केलेले आहेत. (खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज साठविणारे तालयंत्र अमेरिकेत १९८० साली निघाले, ते वेगळे.) उलट अमरावतीच्या इर्विन चौकातून किंवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीत जे वाजते ते जवळजवळ संपूर्णतः दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांतून घडविलेले असते. एखाद्या चित्रपटगीताचा मुखडा, हलगीचा किंवा संबळाचा मुद्रित ठेका, चित्रपटातील खलनायकाचे एखादे वाक्य, पोलिसांच्या गाडीचा भोंगा, कोठून तरी घेतलेला घोड्याच्या टापांचा आवाज, आणि ह्या सर्वांना बांधून ठेवणारा यांत्रिक खर्ज.

ह्या पद्धतीला इंग्रजीत ‘सँपलिंग’ म्हणतात. ‘फेअरलाइट’ ह्या १९७९ मधील ऑस्ट्रेलियन यंत्राबरोबर हा शब्द संगीतात रूढ झाला. मागे जावयाचे तर पॅरिसमध्ये १९४८ पासून प्येअर शेफेर ह्यांनी आगगाडीच्या आवाजांचे तुकडे जोडून केलेल्या रचनांपर्यंत जाता येईल. केवळ अशा तुकड्यांतून संपूर्ण संग्रह रचण्याचे ख्यातनाम उदाहरण म्हणजे मेलबर्नच्या ‘दि अ‍ॅव्हलांचेस’ ह्या संचाचा २००० मधील ‘सिन्स आय लेफ्ट यू’. त्यात शेकडो जुन्या तबकड्यांचे अंश आहेत. भारतात ‘न्यूक्लिया’ ह्या नावाने वाजविणारे उदयन सागर ह्यांनी ‘बास राणी’ (२०१५) ह्या संग्रहात रस्त्यावरील वाद्यांचे आवाज अशाच यांत्रिक खर्जावर बसविले. म्हणजे रस्त्याने यंत्र घेतले आणि यंत्राने पुन्हा रस्ता घेतला, असा हा व्यवहार आहे.

मराठीत ह्या क्रियेला काय म्हणावे? ‘नमुना’ हा कोशातील पर्याय येथे चालत नाही. नमुना हा संपूर्ण मालाची पारख व्हावी म्हणून दाखविलेला अंश असतो; येथे अंश घेऊन त्याचे भलतेच काही करावयाचे असते. आम्ही ‘उचल’ हा शब्द सुचवितो. एक तर त्यात उचलणे ही क्रिया आहे. दुसरे असे, की वऱ्हाडात सालदार मालकाकडून आणि इतरत्र ऊसतोड कामगार मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतो तिला उचल म्हणतात, आणि ती फेडावयाची असते. चोरी आणि उचल ह्यांत फरक फेडीचा. प्रस्तुत विषयातील सगळा तंटा ह्या एका शब्दात सामावतो, म्हणून यापुढे तोच वापरला आहे.

अशा उचलीचे मराठी कूळ कोणते? ते शोधण्यासाठी जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके उघडावीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे पहिले शब्द छापलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कीर्तनातील पदे, लावण्या, कानडी गीते ह्यांच्या चालींवर त्यांनी आपली पदे बसविली. ह्या प्रथेला वेगळे वळण देणारे नाटककार आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहेत, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावयास हवी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) ह्यांनी वकिलीच्या निमित्ताने आयुष्याचा मोठा भाग वऱ्हाडात घालविला. त्यांचे ‘वीरतनय’ १८९६ साली रंगभूमीवर आले, त्यात त्यांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चाली आणल्या. जुन्या रसिकांनी नाके मुरडली. ‘उडत्या’ चाली म्हणून त्यांची संभावना झाली. पण त्या उचलीची नोंद छापील पदावर होती. फेड तेथल्या तेथे होत होती.

नाटकाची चाल पुढे गणेशोत्सवाच्या मेळ्यांत गेली. १९३१ मध्ये बोलपट आल्यावर नाट्यपदांची जागा हळूहळू चित्रपटगीतांनी घेतली, पण पद्धत तीच राहिली. जत्रांतून आणि जयंत्यांतून विकल्या जाणाऱ्या भजनांच्या व भीमगीतांच्या चिमुकल्या पुस्तिका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, की तेथेही गीताच्या वर ‘चाल’ लिहून चित्रपटगीताचा उल्लेख केलेला असतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांच्यासारख्या शाहिरांची गीते गावोगाव पोचली ती अशा पुस्तिकांतून आणि गायनपार्ट्यांच्या तोंडून. आणि ती म्हणणाऱ्यांना चाल शिकवावी लागत नसे, ती आधीच कानात असे. ह्याच काळात लग्नाच्या वरातीतील बँड चित्रपटगीते पितळी वाद्यांवर उतरवून घेत होता. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल ह्यांच्या १९९३ मधील ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट-व्यवहाराचे सविस्तर वर्णन आहे. चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द घालून कॅसेट काढण्याचा जो धंदा त्यांनी तेथे पाहिला, तो महाराष्ट्रातही जोरात होता. कॅसेटमागून तबकडी, तबकडीमागून संगणक. संगणकावर शब्द बदलण्याचीही गरज उरली नाही : मूळ गायकाचा आवाजच उचलून त्याखालचा ठेका बदलता येऊ लागला.

नाट्यपद आणि डीजेचे मिश्रण ह्यांत कानाला साम्य शून्य. दुवे मात्र अखंड आहेत आणि प्रत्येक दुव्यावर तीन गोष्टी नियमाने आढळतात : ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली चाल, तिच्यावर घातलेला नवा भार (शब्दांचा किंवा ठेक्याचा), आणि समूहाचा एखादा प्रसंग. ‘चाक’ आणि ‘व्हील’ ह्यांच्यासारखे हे नाते आहे. म्हणूनच एका दुर्मिळ तबकडीला ह्या संगीताचे मूळ ठरविणे अन्यायाचे होते. तसे केल्याने मेळ्यांचे कवी, पुस्तिका छापणारे मुद्रक, बँडवाले आणि गायनपार्ट्यांतील पेटीवाले ह्या सर्वांची नावे वंशावळीतून एका फटक्यात पुसली जातात.

आता खुद्द ‘डीजे’ हा शब्द. ‘डिस्क जॉकी’ ह्या जोडशब्दाचे हे आद्याक्षरी रूप. अमेरिकेत १९४० च्या सुमारास नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला ही संज्ञा रुळली. म्हणजे मुळात हे माणसाचे नाव. मराठीत मात्र ते माणसाचे राहिलेले नाही. ‘डीजे आणला’, ‘डीजे लावला’, ‘डीजे फुटला’ ही वाक्ये माणसाविषयीची असू शकत नाहीत. वऱ्हाडी बोलीत ‘डीजे वाजून रायला’ असे म्हणतात. ढोल वाजतो, ताशा वाजतो, तसा डीजे वाजतो. नाचणारा ‘बँडवर’ नाचतो, ‘ढोलावर’ नाचतो, तद्वत ‘डीजेवर’ नाचतो. हा ‘वर’ प्रत्यय वाद्यवाचक नामांनाच लागतो, वादकवाचक नामांना नाही. ‘ढोलक्यावर नाचलो’ असे कोणी म्हणत नाही. शब्दाने आपला वर्ग बदलल्याचा ह्याहून चांगला पुरावा व्याकरणात मिळणार नाही. कर्तृवाचक अर्थ यंत्राकडे गेल्यामुळे माणसासाठी नवा शब्द घडवावा लागला : ‘डीजेवाला’. व्युत्पत्तीने पाहिले तर ही द्विरुक्ती, ‘ढोलकीवाला-वाला’ म्हणण्यासारखी. पण बोलणाऱ्याला ती जाणवत नाही, कारण त्याच्या लेखी डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा मालमोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. २०१५ च्या एका लोकप्रिय हिंदी गाण्याच्या शीर्षकातही ‘डीजे वाले’ असेच संबोधन आहे. तेव्हा हा बदल मराठीपुरता नाही.

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर-सातारा भागात, ह्याच वस्तूला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी ह्यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीची पहिली निर्मिती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणारी यंत्रणा होती. कोलाहल घटविणाऱ्याचे नाव कोलाहलाच्या सर्वांत मोठ्या साधनाला लाभावे, असा विनोद इतिहास क्वचितच करतो. वऱ्हाडात हा शब्द रुजला नाही. येथे ‘डीजे’च चालतो. वाद्यनामांच्या बोलीनकाशावर ही सीमारेषा कोणी तरी काढावी.

माणूस शब्दातून हद्दपार झाला, पण त्याने स्वतःला दुसऱ्या वाटेने परत आणले आहे. मिश्रण ऐन रंगात आले असता ठेका क्षणभर थांबतो आणि प्रतिध्वनियुक्त आवाजात एक नाव उच्चारले जाते : डीजे अमुक, आणि त्यापाठोपाठ गावाचे नाव, अमरावती किंवा अकोला. कित्येकदा हा पुकार दर मिनिट-दीड मिनिटाने होतो. ऐकणाऱ्यांना तो उपसर्ग वाटतो. परंतु ह्या प्रदेशातील श्रोत्याला अशा नामोच्चाराची सवय फार जुनी आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येते त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीभजनाचा प्रसार करणारे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आपल्या पदांत ‘तुकड्यादास’ अशी मुद्रा घालीत. भजनी मंडळांतून ती आजही दररोज उच्चारली जाते. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीही असेच घडले. १९०२ मध्ये कलकत्त्यास पहिल्या भारतीय तबकड्या मुद्रित झाल्या तेव्हा गौहरजान ही गायिका गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावयास हवे होते.

ह्या तीन नामोच्चारांत एक भेद आहे आणि तो लहान नाही. तुकड्यादास ही मुद्रा रचनाकाराची, गौहरजानचा पुकार गायिकेचा. डीजेचा पुकार हा उचल करणाऱ्याचा. त्यात मूळ गायकाचे, गीतकाराचे, ज्याची हलगी उचलली त्या वादकाचे नाव नसते. नाट्यपदावर चाल कोणाची ते छापले जाई आणि नाटककाराचे नाव मुखपृष्ठावर असे. येथे मुखपृष्ठ राहिले, ‘चाल’ गळाली. हलगी वाजविणारा तर ह्या व्यवहारात सर्वांत तळाशी. पूर्वी वरातीपुढे तो स्वतः चालत असे, त्याला बिदागी मिळे. आता त्याच्या हातांचे चार ठोके एकदा मुद्रित होऊन शेकडो वरातींपुढून जातात आणि तो घरी असतो.

कायद्याचे साहाय्य येथे फारसे होत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील सवलतीच्या आधारे १९८० नंतर जुन्या गीतांच्या नव्या आवाजातील प्रती निघत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठी मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबण्याची अट घातली. ही सवलत गीत पुन्हा गाण्याची आहे, मूळ ध्वनिमुद्रण कापून वापरण्याची नव्हे. लग्नाच्या मिरवणुकीत गीत वाजविण्यास त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने सूट दिली आहे. म्हणजे वाजविणे मोकळे, घडविणे बंधनात. व्यवहारात ज्या कायद्याची डीजेवाल्याला धास्ती असते तो निराळाच : २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. हे नियम योग्यच आहेत. हृदयविकाराच्या रुग्णाच्या खिडकीशी ही भिंत उभी राहिलेली ज्याने पाहिली आहे तो दुसरे काही म्हणणार नाही. पण त्यामुळे ह्या संगीताची नोंद आपल्याकडे आवाजाच्या पातळीखेरीज दुसऱ्या कशाचीच राहिलेली नाही, हेही तितकेच खरे.

अशा नोंदीसाठी साधन आहे, आणि ते आपल्या नजरेखालून रोज जाते. हे संगीत तबकडीवर निघत नाही, त्याला वेष्टन नाही, त्यावर सन नाही. ते पेन-ड्राइव्हवर फिरते आणि प्रत्येक मिश्रणाला फाइलीचे एक लांबलचक नाव असते. त्यात प्रथम मूळ गाण्याचे शब्द, मग ठेक्याचा प्रकार (हलगी मिक्स, संबळ मिक्स, ढोल मिक्स, रोड-शो मिक्स), नंतर डीजेवाल्याचे नाव आणि शेवटी गाव. कित्येकदा सनही असतो. जुन्या पोथ्यांचा अभ्यासक हे नाव वाचताच थबकेल, कारण पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव, स्थळ आणि शक देणारी जी पुष्पिका असते तिचेच हे रूप आहे. नाट्यपदावरची हरवलेली ‘चाल’ही येथे, पहिल्या दोन-तीन शब्दांत, पुन्हा भेटते.

आपल्या जिल्ह्यात तर ह्या दक्षतेची परंपरा सातशे वर्षांची आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी रिद्धपूरच्या परिसरात राहून, ज्यांनी ज्यांनी ती वचने ऐकली होती त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या. आणि पुढील महानुभाव पोथ्यांतून कोणता पाठ कोणाचा ह्याचा निर्देश टाकला गेला नाही. दुसऱ्याचे शब्द घेताना ते कोणाच्या तोंडचे हे सांगावयाचे, एवढी एक शिस्त त्यांनी पाळली, म्हणून आज पाठचिकित्सा शक्य होते.

फाइलींच्या बाबतीत ही शक्यता झपाट्याने नष्ट होत आहे. मिश्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून ध्वनिफीत म्हणून पाठविले, की पुष्कळदा त्याचे मूळ नाव गळते आणि त्या जागी तीन रोमन अक्षरे, पाठविल्याची तारीख आणि एक अनुक्रमांक उरतो. गाणे, ठेका, माणूस आणि गाव ही चारही माहिती त्या एका हस्तांतरात जाते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला ह्या विषयाचे साहित्य जमवावयाचे असेल त्याने ते भ्रमणध्वनीवर मागवू नये. डीजेवाल्याकडे समक्ष जावे, पेन-ड्राइव्हवरील यादी जशीच्या तशी, शुद्धलेखन न सुधारता, उतरवून घ्यावी; प्रत्येक नावासमोर हलगी कोठून घेतली हे त्याला विचारावे आणि तो जे सांगेल ते त्याच्याच बोलीत लिहावे. लग्नसराई संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, ही मंडळी बहुधा मोकळी असतात.